अणूचा कौल कोण लावतो? (पेज, केळं आणि संभाव्यता)

आंबाडे | शनिवार, सकाळी ११.१०

पाऊस थांबायचं नाव घेत नाही, आज सुट्टी आहे आणि कालची एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा. लांबलाय, आधीच सांगते.

काल सकाळी दहाची पेज. उकडे तांदूळ, मीठ आधीच घातलेलं, मी फोनवर, आणि पातेलं उतू गेलं. निळी ज्योत एकदम केशरी-पिवळी. सासूबाई मागून म्हणाल्या, "गॅस संपत आला वाटतं." म्हटलं, गॅस नाही, मीठ आहे. मिठातलं सोडियम तापतं, त्याच्या अणूतला सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर चढतो आणि खाली येताना ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश सोडतो. रस्त्यावरच्या जुन्या पिवळ्या दिव्यांत हेच चालायचं.

शेजारची बारावीतली मुलगी अडचणी विचारायला आली होती. ती तोरं चोखत म्हणाली, "टीचर, पण खाली कधी यायचं हे अणूला कसं कळतं?"

मी पुस्तकी उत्तर दिलं. आजूबाजूच्या रेणूंचा धक्का लागला नाही तर तो वर सरासरी १६ नॅनोसेकंद राहतो.

"सरासरी तुमची, टीचर. त्या अणूची नव्हे."

मी गप्प. वीस वर्षं शिकवतेय, पण इतक्या कमी शब्दांत मला कोणी पकडलं नव्हतं.

मग मी तिला तेच कोडं जास्त ठळक करून दाखवलं. टेबलावर साळदाटी केळी होती. मध्यम केळ्यात साधारण ०.४५ ग्रॅम पोटॅशियम असतं. त्यातलं ०.०११७ टक्के पोटॅशियम-४०, म्हणजे किरणोत्सारी. अणू मोजले तर ८ वर १७ शून्यं, इतके. अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, सव्वाशे कोटी वर्षं. वहीत भागाकार केला: दर सेकंदाला १४ च्या आसपास अणू फुटतात. ८ वर १७ शून्यं इतक्या अणूंतले चौदा! आणि हे सगळे अणू हुबेहूब सारखे. एक जुना, एक थकलेला, एक चेपलेला असला काही प्रकार नाही. मग या सेकंदाला हेच चौदा का?

आमच्याकडे गोव्यात देवळात कौल लावतात. मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या आणि उजवी आधी पडते की डावी ते बघायचं. लहानपणी मी तासभर ताटकळलेली आहे. पाकळी कधी पडेल ते आपल्याला सांगता येत नाही, पण तिथे कारण असतं: ओल किती, पाकळी जड किती, दारातून वारा आला का. आपल्याला ते ठाऊक नसतं, इतकंच.

प्रश्न असा: अणूचा कौलही तसलाच आहे का? आत काहीतरी कारण आहे आणि फक्त आपल्याला दिसत नाही? की तिथे कारणच नाही? आणि कारण नसेल, तर "संभाव्यता" हा शब्द आपण नेमका कशाबद्दल वापरतो?

फेरीवाला | शनिवार, ११.२५

पहिला नंबर माझा. चहा घेऊन बसलोय. ते केळं खाल्लं का मग?

आंबाडे | शनिवार, ११.३१

खाल्लं. तुमच्या अंगात आत्ता दर सेकंदाला पोटॅशियमचे चारेक हजार अणू फुटताहेत, आणखी चौदांनी काय होतंय. शरीर जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकतं, साठवून ठेवत नाही.

दुकटो | शनिवार, दुपारी १२.०५

आमच्या गाड्यावर रोज याच विषयावर परिसंवाद असतो. मटक्याचा आकडा चार दिवस लागला नाही की पाचव्या दिवशी लागणारच, असं म्हणणारे तिघं आहेत. पोटॅशियमचा अणू सव्वाशे कोटी वर्षं थांबला, म्हणजे आता त्याची पाळी आली ना?

आंबाडे | शनिवार, १२.२०

नाही, आणि हीच त्यातली सगळ्यात विचित्र गोष्ट. ते अणू पृथ्वीपेक्षाही जुने आहेत. कुठल्यातरी ताऱ्यात तयार झाले, साडेचारशे कोटी वर्षांहून जास्त काळ टिकले आणि आज केळ्यात आले. पण एखादा अणू काल तयार झालेला असता तरी त्याची उद्या फुटण्याची शक्यता तंतोतंत तेवढीच असती. माड म्हातारा होतो, माणूस म्हातारा होतो, विमावाले तुमचं वय विचारतात. अणूला वय विचारण्यात अर्थ नाही. तो म्हातारा होतच नाही, फक्त एक दिवस नसतो.

गाड्यावरच्या तिघांना सांगा, मटक्याच्या आकड्यालाही आठवण नसते. पण ते ऐकणार नाहीत.

भरतीओहोटी | शनिवार, दुपारी २.४०

धागा छान, पण मला यात गूढ काही दिसत नाही. माझं आयुष्य समुद्रावर गेलं. मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक आधीच छापून येतं, तास-मिनिटं आणि मीटरसकट. पावसाचं मात्र "शक्यता आहे" एवढंच. पाणी दोन्हीकडे तेच, नियमही तेच. फरक एवढाच की चंद्र-सूर्याची गती आपल्याला नीट ठाऊक आहे आणि ढगाची नाही. फ्रेंच गणिती लाप्लासने १८१४ साली हेच मांडलं होतं: सगळ्या कणांची जागा आणि वेग ज्याला ठाऊक, त्याला संभाव्यतेची गरज नाही.

म्हणजे संभाव्यता हे आपल्या अज्ञानाचं माप. आज अणूचं आपल्याकडे पावसासारखं आहे. उद्या त्याचंही कोष्टक छापलं जाईल. शंभर वर्षं हा फार काळ नाही.

फेरीवाला | शनिवार, २.५२

+१. आइन्स्टाईनही तुमच्याच बाजूला होता ना? देव फासे खेळत नाही वगैरे.

आंबाडे | शनिवार, दुपारी ४.१५

होता, आणि गंमत म्हणजे फासे आत आणणाऱ्यांतला एक तोच. १९१७ च्या लेखात त्याने अणूच्या प्रकाश सोडण्याला किरणोत्सारासारखाच नियम लावला. प्रकाश कधी आणि कुठल्या दिशेला सुटेल हे दैवावर सोडावं लागतंय, हा आपल्या मांडणीतला कच्चा दुवा आहे, असंही त्यातच लिहून ठेवलं. फाशांचं ते वाक्य भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बोर्नला १९२६ साली पाठवलेल्या पत्रातलं. बोर्ननेच त्या वर्षी सांगितलं होतं की श्रोडिंगरच्या तरंगफलाचा (कणाचं तरंगाच्या रूपात वर्णन करणाऱ्या गणिती राशीचा) वर्ग म्हणजे कण तिथे सापडण्याची संभाव्यता. तेही कसं? लेखाच्या मजकुरात त्याने वर्ग घेतलाच नव्हता. छपाईच्या वेळी तळटीप घातली: अधिक विचार केला तर वर्ग घ्यावा लागतो. त्या तळटिपेच्या कामाचं नोबेल मिळायला १९५४ उजाडलं. (अवांतर: हाच बोर्न १९३५-३६ च्या हिवाळ्यात बेंगळुरूला रामन यांच्या बोलावण्यावरून राहून गेला.)

आता भरतीओहोटीदादा, तुमचा मुद्दा. तुमचं कोष्टक मला मनापासून आवडलं, पण एका साध्या रेणूपाशी ते अडतं.

हायड्रोजनची दोन केंद्रकं घ्या, म्हणजे दोन प्रोटॉन, आणि त्यांच्यात मिळून एकच इलेक्ट्रॉन. जगातला सगळ्यात गरीब रेणू. तो खरोखर असतो. दोन प्रोटॉनमधलं अंतर १.०६ अँगस्ट्रॉम, तोडायला सुमारे २.६५ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते.

समजा संभाव्यता म्हणजे आपलं अज्ञान. म्हणजे इलेक्ट्रॉन खरं तर डावीकडच्या प्रोटॉनच्या घरी आहे किंवा उजवीकडच्या, आणि आपल्याला पत्ता ठाऊक नाही. अर्धी शक्यता इकडे, अर्धी तिकडे. ठीक. आता हिशेब करा. इलेक्ट्रॉन डावीकडे असेल तर एक आख्खा हायड्रोजन अणू आणि शेजारी एक उघडा प्रोटॉन. अणूचा आकार तसाच धरला तर जवळ आणताना ते एकमेकांना ढकलतात. उजवीकडे असेल तरी तेच. दोन ढकलण्यांची सरासरी काढली तर ढकलणंच मिळेल. रेणू बनणार नाही.

पण रेणू बनतो. कारण निसर्ग दोन शक्यतांची बेरीज करत नाही. आधी डावीकडचा तरंग आणि उजवीकडचा तरंग यांची बेरीज करतो आणि मग वर्ग करतो. शाळेतलं सूत्र आठवा: अ आणि ब यांच्या बेरजेचा वर्ग म्हणजे अ-वर्ग, ब-वर्ग आणि वर आणखी २अब. ते जे वरचं २अब आहे ना, तिथेच बंध आहे. दोन प्रोटॉनच्या मधोमध इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता त्याने दुप्पट होते आणि दोघंही त्याला धरून राहतात.

मला पत्ता ठाऊक नाही म्हणून दोन प्रोटॉन एकमेकांना चिकटतील, असं होत नाही हो. अज्ञानाला गोंद नसतो.

काटेकोर | शनिवार, सायंकाळी ५.५०

युक्तिवाद उत्तम, आकडा चुकलाय. दोन दुरुस्त्या.

एक. "दुप्पट" नाही. तरंगांची बेरीज केल्यावर एकूण संभाव्यता १ व्हावी म्हणून भागावं लागतं, आणि दोन तरंग एकमेकांवर पसरलेले असल्याने तो भाजक २ नसतो. दोन बोर त्रिज्यांच्या, म्हणजे वरच्याच १.०६ अँगस्ट्रॉमच्या, अंतरावर त्यांचं एकमेकांवरचं आच्छादन ०.५८६ येतं. मधोमधची घनता अज्ञानाच्या सरासरीच्या २ भागिले १.५८६ पट, म्हणजे १.२६ पट. सव्वापट म्हणा.

दोन. "मधे इलेक्ट्रॉन आला म्हणून दोघं त्याला धरून राहतात" हे बारावीपुरतं ठीक. हेलमन यांनी १९३३ साली आणि पुढे रूडेनबर्ग यांनी १९६२ साली दाखवलं की बंधाच्या मुळाशी मुख्यतः गतिज ऊर्जा कमी होणं आहे. इलेक्ट्रॉनला दोन्ही घरं मोकळी मिळाली की त्याचा तरंग सैल पसरतो, आणि सैल तरंगाची गतिज ऊर्जा कमी. एका खोलीत कोंडलेला माणूस आणि बाल्कांव, अंगण, मागचं दार उघडं असलेला माणूस, यांच्या येरझाऱ्यांत फरक असतो तसा.

अर्थात तुमच्या मुद्द्याला याने बळच मिळतं. घर कुठलं हे फक्त आपल्याला ठाऊक नसेल, तर इलेक्ट्रॉन एकाच घरात कोंडलेला राहतो आणि ऊर्जा कमी होत नाही.

आंबाडे | शनिवार, ६.०५

मान्य. दुप्पट हे मी घाईत लिहिलं, भागायचं राहिलं. मूळ प्रतिसाद बदलत नाही, चूक दिसू दे. सोमवारी वर्गात हीच चूक फळ्यावर लिहून मुलांना पकडायला लावणार आहे.

मिठागर | शनिवार, रात्री ८.३०

मी वाणिज्य शाखेचा, पण वाचतोय. एक बाळबोध शंका. आमच्या पुस्तकात इलेक्ट्रॉन सूर्याभोवती ग्रह फिरावेत तसे फिरत होते. आता पुस्तकांत म्हणतात ढग. ढग म्हणजे इलेक्ट्रॉन पसरलेला असतो की तो एकाच जागी असतो आणि आपण त्याचे खूप फोटो एकावर एक ठेवतो?

काटेकोर | शनिवार, ९.१५

शंका बाळबोध नाही, धाग्याचा विषयच तो आहे. आकडे देतो, अर्थ बाकीचे लावतील.

हायड्रोजनच्या सगळ्यात खालच्या पायरीवर ढग सर्वात दाट कुठे? केंद्रकाच्या अगदी वर. पण इलेक्ट्रॉन बहुधा किती अंतरावर सापडेल? ०.५२९ अँगस्ट्रॉम, म्हणजे बोर त्रिज्येवर. दोन्ही एकाच वेळी खरं. जत्रेचं बघा: दाटी सगळ्यात जास्त देवळाच्या दारात, पण माणसं मोजलीत तर फेरीत जास्त, कारण तिथे जागा जास्त. अंतर वाढलं की कवचाचं क्षेत्रफळ वाढतं आणि दाटी घटते, या ओढाताणीत बोर त्रिज्या जिंकते.

त्या त्रिज्येच्या आत इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता ३२ टक्के. म्हणजे बोरने जिथे कक्षा आखली होती, त्याच्या बाहेरच तो जास्त वेळा सापडतो. सरासरी अंतर दीडपट.

आणि आता गंमत. अणूची एकूण ऊर्जा उणे १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. जुन्या यामिकीने हिशेब केला तर या ऊर्जेच्या कणाला बोर त्रिज्येच्या दुप्पट अंतरापलीकडे जाताच येत नाही. वर फेकलेला दगड जिथून परततो तशी ती हद्द. पण तिच्यापलीकडे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता २४ टक्के येते! चारातला एक, जिथे जायला त्याच्याकडे पैसेच नाहीत अशा ठिकाणी.

तेव्हा "तो एकाच जागी असतो, आपण फोटो काढतो" असं मानलं, तर तो पाव वेळ उधारीवर कसा फिरतो ते सांगावं लागेल.

मिठागर | शनिवार, ९.२२

उधारी म्हटल्यावर लगेच कळलं. वाणिज्य शाखेचा फायदा.

बर्फवाला | शनिवार, रात्री १०.४०

होड्यांना बर्फ पुरवणाऱ्या कारखान्यात काम करतो. आमच्याकडे थंड करायला अमोनिया वापरतात, वास आला की आधी पळायचं आणि मग विचार करायचा. कॉलेजात ऐकलेलं आठवतं की अमोनियाचा रेणू छत्रीसारखा उलटतो. वाऱ्याने छत्री उलटते तशी. तेही हेच उधारीचं प्रकरण का?

काटेकोर | शनिवार, १०.५८

अगदी हेच. तीन हायड्रोजन ही छत्रीची टोकं, नायट्रोजन बोंडावर. उलटायचं तर नायट्रोजनला तीन हायड्रोजनच्या प्रतलातून पलीकडे जावं लागतं. मधे सुमारे पाव इलेक्ट्रॉन व्होल्टची टेकडी आहे. ती चढायची ताकद सगळ्यात खालच्या पायरीवरच्या रेणूत नाही. तरी तो पलीकडे जातो. वायू विरळ असेल तर या डोलण्याची वारंवारता सुमारे २३.८ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २४०० कोटी हेलकावे. याच वारंवारतेवर टाउन्स यांनी १९५४ साली पहिला मेसर चालवला, लेसरचा थोरला भाऊ. तुमच्या नळ्यांतल्या दाबाखाली रेणू एकमेकांवर इतके आदळतात की हा स्वच्छ ताल तिथे सापडत नाही.

हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन घातला की तोच हेलकावा १.६ गिगाहर्ट्झवर येतो. टेकडी तीच, फक्त वजन वाढलं.

आता खरा प्रश्न: सगळ्यात खालच्या पायरीवरच्या अमोनियात नायट्रोजन वर आहे की खाली? उत्तर "दोन्हींची बेरीज". "एक काहीतरी आहे, आपल्याला माहीत नाही" हे उत्तर चुकतं, कारण तसं असतं तर ती २३.८ गिगाहर्ट्झची रेषाच दिसली नसती.

सांजवात | रविवार, सकाळी ७.२०

सगळं वाचलं. विज्ञान मला कळत नाही, पण एक बोलते. आंबाडेबाय, कौलाची तुलना मला जराशी खटकली. कौल लावायला माणूस "किती टक्के" विचारायला जात नाही. घरात दोन भावांचं पटत नाही, जमीन विकायची की ठेवायची कळत नाही, तेव्हा देवाच्या पुढ्यात बसून एकदाचं ठरवायचं असतं. माझे वडील कौलाला बसलेले मी पाहिलेत. पाकळी पडल्यावर त्यांचे खांदे कसे सैल व्हायचे ते तुमच्या टक्क्यांत येणार नाही.

बाकी पाकळी ओली असली की वेळ लागतो हे खरं. आणि ते पुजाऱ्यांनाही ठाऊक असतं.

आंबाडे | रविवार, ९.४५

सांजवातबाय, माफ करा, दुखवायचं नव्हतं. तुमच्या म्हणण्यात एक गोष्ट माझ्याही कामाची आहे. तुमच्यासाठी पाकळी पडणं हा मोजमापाचा विषय नाही, त्यानंतर आपण काय करायचं याचा आहे. संभाव्यतेबद्दल असाच विचार करणारे भौतिकशास्त्रज्ञही आहेत. त्यांच्या मते तरंगफल ही अणूत ठेवलेली वस्तू नाही, बघणाऱ्याने पुढे कशावर किती भरवसा ठेवावा याचा तो हिशेब आहे. मी त्या पक्षातली नाही, कारण मग अमोनियाच्या २४०० कोटी हेलकाव्यांना माझ्या भरवशाशी काय देणंघेणं, हे मला कोणी समजावून दिलेलं नाही. पण पक्ष आहे, आणि त्यात हुशार माणसं आहेत.

भरतीओहोटी | रविवार, ११.३०

रात्रभर विचार केला. रेणूचा मुद्दा मानतो, पत्ता नसणं आणि बेरीज असणं यांत फरक आहे. पण माझं कोष्टक अजून फाटलेलं नाही. समजा तरंगही खरा आहे आणि त्याच्यावर स्वार असलेला कणही खरा आहे. कणाची नेमकी जागा आपल्याला दिसत नाही, म्हणून संभाव्यता. भौतिकशास्त्रज्ञ बोम यांनी १९५२ साली हेच केलं ना? सगळे आकडे क्वांटमचेच येतात, आणि फासे नाहीत.

खडपाचेर | रविवार, दुपारी १.१०

इतके दिवस नुसता वाचक होतो, या प्रतिसादासाठी खातं उघडलं. बोमचा रस्ता उघडा आहे, पण त्याचा टोल मोठा आहे. तो टोल जॉन बेल यांनी १९६४ साली दाखवून दिला. गोव्यातच एक खेळ मांडून सांगतो.

दोन भाऊ. एकाला पेडण्यात बसवा, एकाला काणकोणात. फोन नाही. दोघांपुढे एकेक पंच. प्रत्येक पंच नाणं उडवून दोनपैकी एक प्रश्न विचारतो: "मासे?" किंवा "भाजी?" भावाने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. नियम असा: दोघांनाही "भाजी?" विचारलं तर दोघांची उत्तरं वेगळी हवीत. बाकी तिन्ही वेळा सारखी हवीत.

आदल्या रात्री दोघांनी हवं ते ठरवून यावं. खिशात चिठ्ठ्या ठेवाव्यात. तरी चारातली एक जोडी चुकणारच, कागद घेऊन करून बघा. सर्वोत्तम यश ७५ टक्के. "आत कारण आहे, आपल्याला दिसत नाही" म्हणजे हीच खिशातली चिठ्ठी.

आता भावांना चिठ्ठीऐवजी एकमेकांत गुंतलेल्या कणांची जोडी द्या, एकेकाकडे एकेक. प्रश्नाप्रमाणे मोजायची दिशा बदला आणि जे येईल ते उत्तर सांगा. यश ८५ टक्क्यांच्या थोडं वर जातं. आस्पे यांनी १९८२ साली पॅरिसजवळ असे प्रयोग केले, २०१५ साली पळवाटा बुजवून पुन्हा झाले, आणि २०२२ चं नोबेल आस्पे, क्लाउझर आणि त्सायलिंगर यांना याच कामासाठी मिळालं.

म्हणजे चिठ्ठी पेडण्यातल्या पेडण्यात आणि काणकोणातल्या काणकोणात असेल, तर हिशेब जमत नाही. बोमसारखी चिठ्ठी चालते, पण मग पेडण्यातल्या कणाने काय करायचं ते काणकोणात काय मोजलं यावर तत्क्षणी ठरतं. आणि तरीही या मार्गाने भावाला निरोप पाठवता येत नाही. एकट्याकडे बघितलं तर नुसतं हो-नाही-हो-नाही, नाण्यासारखं.

भरतीओहोटी | रविवार, १.४८

कागद घेऊन बसलो. सोळाच्या सोळा रीती लिहिल्या. तीनवर चौथी कधीच बसत नाही.

बरं. मग माझं कोष्टक छापायचं तर मुरगावचं पाणी बघून भागणार नाही, सगळ्या समुद्राचं एकदम छापावं लागेल, आणि ते छापून झाल्यावर वाचताही येणार नाही. असल्या कोष्टकाचा खलाशाला उपयोग नाही. पण ते नाहीच असं मी अजून म्हणत नाही.

खडपाचेर | रविवार, १.५५

तेवढं कोणीच सिद्ध करून म्हणू शकत नाही. एव्हरेटच्या १९५७ च्या मांडणीत तर फासेही नाहीत आणि चिठ्ठीही नाही, सगळीच उत्तरं घडतात. मग "८५ टक्के" हे कशाचे टक्के, हा प्रश्न तिथे उलट जास्त बोचतो.

दुकटो | रविवार, २.३०

गाड्यावर सांगितलं. एकजण म्हणाला, त्या भावांचा पत्ता द्या.

कोसबेंकर | रविवार, दुपारी ४.१०

विषयाला धरूनच थोडं गावचं. दामोदर कोसंबी इथल्या कोसबें गावात १९०७ साली जन्मले, हे सगळ्यांना ठाऊक असतं. इतिहासकार म्हणूनच आपण त्यांना ओळखतो, पण मूळचे ते गणिती. त्यांनी आहत (ठसे मारलेल्या प्राचीन) नाण्यांचे साठे तराजूवर तोलून संख्याशास्त्र लावलं. नाणं हातोहात फिरतं, झिजतं. एखादं किती झिजेल ते सांगता येत नाही, पण जितका जास्त काळ चलनात तितकं सरासरी वजन कमी आणि वजनांतला फरक जास्त. त्यावरून नाण्यांचा कालक्रम लावता येतो.

मला धाग्यातला फरक तिथे कळला. नाण्याच्या झिजेमागे माणसं आहेत. कुणी कमरेला खोचलं, कुणी घासून घेतलं. हिशेब नाही ठेवला म्हणून आपण सरासरीवर आलो. आणि म्हणूनच जुनं नाणं जुनं दिसतं. आंबाडेबायचा पोटॅशियमचा अणू साडेचारशे कोटी वर्षं चलनात आहे, त्याचं वजन तसूभर झिजलेलं नाही.

आंबाडे | रविवार, ५.००

हे मी वर्गात वापरणार, नाव न घेता. म्हणजे तुमचं. कोसंबींचं घेणार.

मिठागर | रविवार, ५.२०

ते केळ्याचे चौदा आपल्याला ऐकू येतील का? टिकटिक करणारं ते यंत्र असतं ना?

काटेकोर | रविवार, ५.४४

केळ्याने निराशा होईल. चौदातले बरेचसे कण केळ्यातच अडकतात, आणि आजूबाजूच्या दगड-हवेची टिकटिक त्याहून जास्त. शुद्ध पोटॅशियम क्लोराईड घ्या. एका ग्रॅममध्ये एका केळ्याहून थोडं जास्तच, शंभर ग्रॅममध्ये सेकंदाला सोळाशे. माझ्याकडे छोटा गायगर काउंटर आहे, पुढच्या रविवारी घेऊन येतो. दर मिनिटाचा आकडा वहीत लिहायचा. यंत्रात मिनिटाला सरासरी शंभर आले, तर बहुतेक मिनिटं नव्वद ते एकशे दहाच्या मधे पडतील, कारण शंभराचं वर्गमूळ दहा. कुठलं मिनिट किती ते नाही सांगता येणार. पसारा किती असेल ते आत्ताच सांगून ठेवतो.

आंबाडे | रविवार, रात्री ८.१५

या सगळे. ती बारावीतली मुलगी वही घेऊन बसेल, तिला हा धागा वाचायला दिलाय. वाचून तिने एवढंच विचारलं: "टीचर, पसारा ठरलेला आणि मिनिट न ठरलेलं, हे ठरवलं कुणी?" मी म्हटलं, रविवारी काटेकोरकाकांना विचार.

सासूबाई पेज करणार आहेत. सोबत सुकी सुंगटं आणि तोरं. भरतीओहोटीदादा, तुम्ही पावसाचं बघून निघा, बांधावरच्या रस्त्यावर पाणी चढतं. भरती किती वाजता ते तुम्हाला ठाऊकच आहे.

भरतीओहोटी | रविवार, ८.२१

कोष्टक बघून ठेवलंय. पावसाचं तुम्ही बघा.